वरील विषयास अनुसरून

आमच्या बँकेत प्रत्येक माणसाची एकेक ख्याती आहे. कोणाची नोटा मोजण्यात, कोणाची रजा मंजूर करून घेण्यात, तर आमच्या हेडकॅशियरची दुसऱ्याच्या डब्यात आज कोणती भाजी आहे हे झाकण उघडण्यापूर्वी ओळखण्यात. माझी ख्याती इंग्रजी ड्राफ्टिंगमध्ये. गेली वीसेक वर्षे मी अमरावतीच्या एका शाखेत कारकुनी करतो. बँक कोणती ते विचारू नका. मी अजून नोकरीत आहे आणि घराच्या कर्जाचे सात वर्षांचे हप्ते बाकी आहेत, तेही त्याच बँकेत.

काउंटरवर मी सामान्यच. माझी रांग शेजारच्या रांगेपेक्षा नेहमी लांब असते आणि त्याचा माझ्या लोकप्रियतेशी काही संबंध नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण एखादे अडचणीचे पत्र आले, की मॅनेजरसाहेब काचेच्या केबिनमधून बोट वर करतात. मी आत जातो. साहेब म्हणतात, "अहो, याला जरा एक व्यवस्थित उत्तर ठोका." व्यवस्थित उत्तर म्हणजे काय, हे आमच्यात कधी बोलून दाखवायची वेळ आली नाही. जे वाचून आपण काहीतरी लिहिले आहे एवढे समोरच्याला कळावे आणि काय लिहिले आहे ते मात्र कळू नये, ते व्यवस्थित उत्तर.

ही विद्या मी काही जन्मतः घेऊन आलो नाही. बी.कॉम.ला आम्हाला पत्रव्यवहाराचा एक पेपर होता. त्यात उधारी वसूल करण्याची तीन पत्रे होती. पहिले गोड, दुसरे आंबट आणि तिसरे तिखट. पुढे राजकमल चौकाच्या आसपासच्या एका टायपिंगच्या वर्गात मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस करताना ‘डिअर सर, विथ रेफरन्स टू युवर लेटर’ हे एकच पत्र मी इतक्या वेळा बडवले, की ते माझ्या बोटांना पाठ झाले. बोटांना पाठ झाले म्हणजे डोक्याला काम राहत नाही. नोकरीत मला याचा फार उपयोग झाला.

मी लागलो तेव्हा बँकेत टपाल होते. आमचे वरचे कार्यालय अकोल्याला. अमरावतीहून अकोला शंभरेक किलोमीटर, मध्ये बडनेरा आणि मूर्तिजापूर. पत्र लिहायचे, जावक रजिस्टरात त्याला नंबर घालायचा, पाकिटाला डिंक लावायचा आणि उरलेला डिंक टेबलाखाली पुसायचा, असा सगळा विधी असे. पत्र तिसऱ्या दिवशी अकोल्याला पोचे आणि आठव्या दिवशी उत्तर येई. मग ई-मेल आला. आता पत्र एका सेकंदात अकोल्याला पोचते आणि उत्तर १९व्या दिवशी येते. मधले १८ दिवस ते पत्र कोठे असते, याचा शोध विज्ञानाला अजून लागायचा आहे.

हा ई-मेल ज्याने काढला, त्या रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७१ साली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे पहिला निरोप धाडला. पत्त्यात ते वेटोळे घातलेले ‘ॲट’चे चिन्ह बसवले तेही त्यानेच. त्या पहिल्या निरोपात काय लिहिले होते, असे पुढे लोक त्याला विचारीत. तेव्हा तो सांगे, की लक्षात ठेवण्यासारखे त्यात काही नव्हते. ही परंपरा आम्ही बँकवाल्यांनी आजतागायत कसोशीने सांभाळली आहे.

आमचा मेल कसा असतो, ते सांगतो. वर विषयाची एक ओळ असते. तिथे आम्ही ‘रिगार्डिंग’ असे लिहितो. कशाच्या रिगार्डिंग, ते आत शोधायचे. आत गेले, की ‘विथ रेफरन्स टू द ट्रेलिंग मेल’ अशी सुरुवात असते. ट्रेलिंग मेल म्हणजे खाली लटकत असलेली शेपटी. ही शेपटी मारुतीच्या शेपटीसारखी कितीही उचलली तरी संपत नाही. मग एक परिच्छेद नियमांचा, एक परिच्छेद ‘एतद्विषयक’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा, आणि शेवटी ‘प्लीज डू द नीडफुल’. जे जरूर असेल ते करा. आता काय जरूर आहे हे लिहिणाऱ्याला माहीत नसते म्हणून तर तो लिहीत असतो. आणि वाचणारा म्हणतो, ज्याला जरूर त्याला ठाऊक! त्याखाली ‘सोबत कागद जोडला आहे’ असे असते. कागद जोडलेला नसतो. तो जोडायचा राहिला आहे हे पत्र गेल्यावर तिसऱ्या मिनिटाला आठवते. तोवर ते सात जणांना गेलेले असते, कारण सीसी!

सीसी म्हणजे कार्बन कॉपी. आमच्या शाखेत नव्याने लागलेल्या पोरांनी कार्बनपेपर डोळ्यांनी पाहिलेला नाही. ज्यांनी पाहिला, त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे. कार्बन घातला की बोटे काळी होत. तिसऱ्या प्रतीनंतर अक्षर उमटत नसे, त्यामुळे चौथ्या माणसाला पत्र पाठवावे असे कोणाला वाटतच नसे. आता बोटे काळी होत नाहीत, म्हणून प्रती सात जणांना. आणि त्या सातांपैकी एखादा ‘रिप्लाय ऑल’ नावाचे बटण दाबतो. आमचे एक निवृत्त सहकारी वारले, तेव्हा दुखवट्याचा मेल सगळ्या शाखांना आला. त्याला एका शाखेने सर्वांदेखत उत्तर दिले, ‘नोटेड विथ थँक्स.’ ती शाखा कोणती होती ते मी सांगणार नाही. ड्राफ्टिंग माझे होते.

तुम्ही म्हणाल, हा सारा इंग्रजीचा दोष. मराठीत लिहा म्हणजे झाले! तसे असते तर मग काय पाहिजे होते! मराठीत आम्ही ‘वरील विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ असे लिहितो. कोण कळवते? कोणीच नाही. ते आपोआप कळविण्यात येते, जसा पाऊस आपोआप येतो. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली सरकारने भाषा संचालनालय काढले. हेतू चांगला होता, राज्याचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा. १९६२ साली त्यांनी हुद्द्यांच्या नावांचा ‘पदनाम कोश’ काढला आणि आचार्य अत्र्यांनी त्याचे बारसे ‘बदनाम कोश’ म्हणून केले. त्यातले पुष्कळ शब्द पुढे रुळले, हेही खरे. पण आमच्या काउंटरवर ‘धनाकर्ष’ हा शब्द वाचून एका शेतकरीबुवांनी मला विचारले होते, "साहेब, हे कोन्त्या देवाचं नाव हाय?" ड्राफ्ट म्हटले तर त्यांना कळत होते, त्यांनी अडत्याकडून तो किती वेळा आणला होता!

मी पाहिलेले उत्तम पत्रलेखक दोनच. एक तारमास्तर. आजोबा अत्यवस्थ झाले तेव्हा आमच्याकडे तार आली होती. शब्द चार. कोण, काय झाले आणि आपण काय करायचे, सगळे त्यात होते. शब्दामागे पैसे पडत, म्हणून माणसे विचार करून लिहीत. २०१३ च्या जुलैमध्ये तार बंद झाली आणि देशातला शेवटचा नेमकेपणा सुटला. मेलमध्येही शब्दामागे एक रुपया लावावा आणि तो लिहिणाऱ्याच्या पगारातून कापावा, अशी सूचना मी युनियनच्या सभेत मांडणार होतो. पण माझ्या पगाराचा अंदाज घेऊन गप्प बसलो.

दुसरी उत्तम लेखिका आमची सौ. तिचा मोबाइलवर निरोप येतो, ‘येताना वांगी आणा. अर्धा किलो. काटेरी. मागच्यासारखी नकोत.’ यात माल आहे, वजन आहे, प्रत आहे आणि मागील पत्रव्यवहाराचा संदर्भसुद्धा आहे. प्लीज डू द नीडफुल नाही. तिच्या निरोपाला मी आजवर ‘कृपया खुलासा करावा’ असे उत्तर दिलेले नाही. देण्याची प्राज्ञाही नाही.

एवढे सगळे कळत असूनही माझ्या हातून जे झाले, ते आता सांगतो.

२०२२ सालची गोष्ट. मे महिना, अमरावतीचे ऊन. काउंटरवरचा डिंकसुद्धा वितळलेला. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातून एक मावशी आल्या. वय साठीच्या पुढे, कपाळ मोकळे, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत एका आयुष्याचे कागद. नवरा दोन महिन्यांपूर्वी वारला होता. त्याने आमच्याकडे एक लाख चाळीस हजार रुपये मुदत ठेवीत ठेवले होते आणि नॉमिनी म्हणून बायकोचे नाव लावले होते. असे नाव लावलेले असले, की एरवी काम सोपे असते. मृत्यूचा दाखला घ्यायचा, नॉमिनीची ओळख पटवायची आणि पैसे द्यायचे. रिझर्व्ह बँकेने २००५ सालीच सांगून ठेवले होते, की कागदपत्रे पूर्ण झाल्यावर असा दावा १५ दिवसांत निकाली काढा. म्हणून तर कागदपत्रे ‘पूर्ण’ झाली असे आम्ही लवकर म्हणत नाही.

इथे घोटाळा एका ‘बाई’चा होता. ठेवीच्या कागदावर मावशींच्या नावापुढे ‘बाई’ होते आणि आधार कार्डावर नव्हते. बाई समोर उभी, पण कागदावरची बाई हरवलेली!

साहेब नवे होते, पुण्याकडून बदलून आलेले. त्यांनी दोन्ही कागद उन्हाकडे धरून पाहिले. म्हणाले, "तीच असेल हो. पण नसली तर?" मग त्यांनी बोट वर केले आणि म्हणाले, "अकोल्याला गायडन्ससाठी लिहा. असं लिहा, की उद्या काही निघालं तर आपल्यावर नको."

मी लिहिले. १८ मेला. विषय, रिगार्डिंग. आत चार परिच्छेद. असे फर्डे इंग्रजी मी त्यापूर्वी लिहिले नव्हते. ‘द कॅप्शन्ड मॅटर’, ‘द सेड क्लेमंट’, ‘अपॅरंट डिस्क्रिपन्सी’. शेवटी ‘फॉर युवर काइंड पेरुझल’ आणि अर्थात ‘नीडफुल’. साहेबांनी वाचून मान डोलावली. हेडकॅशियर म्हणाले, "वा! काय लिहिलंय! काही कळत नाही, पण भीती वाटते."

२५ तारखेला अकोल्याहून उत्तर आले. दोन शब्द, ‘प्लीज क्लॅरिफाय.’ मी २७ला लिहिले, की आमच्या खाली लटकलेल्या मेलमध्ये हे आधीच क्लॅरिफाय केले आहे. २ जूनला उत्तर, ‘आपलाच मेल पाहावा.’ मी माझाच मेल पाहिला. मलाही तो क्लॅरिफाय होईना.

याच दिवसांत आमच्या आणि अकोल्याच्या मध्ये दुसरे एक काम चालू होते. लोणी ते मूर्तिजापूर या हमरस्त्यावर डांबर पडत होते. ३ जूनच्या सकाळी सुरू केले, रात्रंदिवस चालवले आणि ७ जूनच्या संध्याकाळी संपवले. सलग ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत. कतारचा विक्रम मोडला, गिनीज बुकात नाव लागले, आमच्या वऱ्हाडाची मान ताठ झाली. मी पेपर वाचून सौ.ला म्हणालो, "बघ, पाच दिवसांत रस्ता केला!" ती म्हणाली, "मग तुमचं पत्र आता लवकर जाईल." तिला मी मावशींची हकीकत सांगितली होती. पाच दिवसांत ७५ किलोमीटर डांबर पडले आणि वीस दिवसांत आमची एक ‘बाई’ अकोल्याहून परत आली नाही, हा हिशोब तिने माझ्याआधी केला होता. बी.कॉम. मी आहे.

८ जून, मृग लागला त्या दिवशी मावशी परत आल्या. ही त्यांची चौथी खेप. दर खेपेला येष्टीचे भाडे.

"बापू, माह्या कामाचं काय झालं?"

"मावशी, अकोल्याला लिहिलंय. त्यांचं उत्तर यायचंय."

"अकोला काय लंकेत हाय काय रे? माहा पोरगा सकाऊन येष्टीत बसला त सांजच्याले अकोल्याहून वापस येते."

यावर बँकेच्या कोणत्याही पुस्तकात उत्तर नाही. मी संगणकाकडे पाहू लागलो. अडचणीच्या वेळी संगणकाकडे पाहिले, की काम चालू असल्यासारखे दिसते.

मावशी म्हणाल्या, "तू काय लिहलं त ते वाचून त दाखव."

मी मेल उघडला. एकेक वाक्य वाचून त्याचे मराठी करून सांगू लागलो. ‘उपरोल्लेखित प्रकरणी’, ‘सदर दावेदाराच्या’, ‘दर्शनी विसंगती’... रांगेतले लोक ऐकत होते. शिपाई झाडणे थांबवून ऐकत होता. चारही परिच्छेद झाले. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या,

"बापू, याच्यात मी कुठी हावो?"

मी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिले. त्यात प्रकरण होते, दावेदार होता, विसंगती होती, परिपत्रकाचा क्रमांक होता. मावशी नव्हत्या. त्यांचा नवरा गेला हे नव्हते. पेरणी तोंडावर आली हे नव्हते. आम्हाला नेमके काय विचारायचे आहे, तेही नव्हते.

"लिवाले काय लागते?" त्या म्हणाल्या. "माहा नवरा मेला. त्यानं बँकेत पैसे ठेवले अन् माहं नाव लावलं. एका कागदावर बाई लिहलं, एकावर नाई लिहलं. दोनी मीच हावो. पेरनीले पैसे पायजे. देता का नाई ते सांगा, अन् देत नसान त काहून नाई ते सांगा."

आणि पिशवी उचलून त्या साडेतीनची येष्टी धरायला निघून गेल्या.

त्या संध्याकाळी सौ.बरोबर अंबादेवीला गेलो होतो. आमच्या अमरावतीकरांची अशी श्रद्धा, की रुक्मिणी गौरीपूजेला आली आणि श्रीकृष्णाने तिला रथात घातली ते देऊळ हेच. तिचे माहेर कौंडिण्यपूर इथून फार लांब नाही. तिवसा तालुक्यात, वर्धेच्या काठी. लहानपणी कीर्तनात ही कथा मी कितीदा ऐकली होती, पण कारकुनाच्या कानाने त्या दिवशी प्रथमच आठवली. सभामंडपात बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, ते रुक्मिणीने पाठवलेले पत्र! भागवतात ते सगळे मिळून सात श्लोकांचे आहे. त्यात काय नाही? मी कोण आणि तुम्हालाच का लिहिते, ते आहे. घरचे मला शिशुपालाच्या गळ्यात बांधताहेत, ही अडचण आहे. लग्न उद्या, ही तारीख आहे. आदल्या दिवशी कुळाचाराप्रमाणे नवरीला गावाबाहेरच्या देवीच्या दर्शनाला नेतात, हे स्थळ आहे. तिथून मला न्या, हे काम आहे. आणि आला नाहीत तर मी जीव देईन, हा परिणामही आहे. घेऊन जाणारा भरवशाचा ब्राह्मण. सीसी कोणालाही नाही!

हेच पत्र तिने आमच्या शाखेतून पाठवले असते तर? विषय, रिगार्डिंग विवाह. ‘कॅप्शन्ड स्वयंवराच्या संदर्भात कळविण्यात येते की, दर्शनी विसंगती आढळून आली असून आपल्या स्तरावर उचित कार्यवाही व्हावी.’ प्रत माहितीस्तव, भाऊ रुक्मी आणि शिशुपाल. द्वारकेहून आठ दिवसांनी उत्तर आले असते, ‘प्लीज क्लॅरिफाय.’ आणि श्रीकृष्ण रथ जोडून विदर्भात पोचले असते ते शिशुपालाच्या पोराच्या बारशाला.

मावशी साडेतीनची येष्टी धरण्याआधी जे बोलल्या, ते अगदी याच घाटाचे होते. मी कोण, अडले काय, हवे काय, केव्हापर्यंत. कौंडिण्यपूरच्या राजकन्येला आणि नांदगावकडच्या शेतकरणीला जे आपसूक येते, ते मी पेपर देऊन आणि चाळीसच्या वेगाने टायपिंग करून विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेल्यावर आधी ते लिहिले. अकोल्याचे टेबल सांभाळणारा अधिकारी बिहारकडचा तरुण होता, त्याला मराठी येत नव्हते. म्हणून इंग्रजीतच लिहिले. पण आधी मावशी जशा बोलल्या तसे कागदावर उतरवले आणि मग त्याचे इंग्रजी केले. सहा वाक्ये झाली. विषयाच्या ओळीत लिहिले, ‘मृत खातेदाराच्या पत्नीला पैसे द्यायचे, नावात एका शब्दाचा फरक, १० जूनपर्यंत निर्णय हवा.’ कागद जोडले. जोडले आहेत की नाही ते दोनदा पाहिले. खाली माझे नाव आणि मोबाइल नंबर.

साहेबांना दाखवले. साहेब वाचत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. म्हणाले, "अहो, हे तर सगळं कळतं!"

"हो साहेब."

"मग त्यांना काहीतरी ठरवावं लागेल."

"हो साहेब."

"आणि उद्या विचारलं, हे कोणी लिहिलं, तर?"

"खाली माझं नाव आहे."

साहेब थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मला वाटले, आता परत ‘कॅप्शन्ड मॅटर’ करायला सांगतात. पण वाईट माणूस नव्हता तो. भ्यालेला होता, मी होतो तेवढाच. आमच्या इंग्रजीचा अवघडपणा हा विद्वत्तेतून आलेला नव्हता, हे त्या क्षणी आम्हा दोघांच्या एकदमच ध्यानात आले असावे. थंडीत माणूस गोधडी ओढतो, तसे आम्ही शब्द ओढून घेत होतो. बाहेर मावशी कुडकुडत आहेत, हे गोधडीच्या आतून दिसत नव्हते.

"पाठवा," साहेब म्हणाले.

पाठवला. पंचवीस मिनिटांनी माझा फोन वाजला. अकोल्याहून तो बिहारी अधिकारी. "सर, यह आपने पहले क्यों नहीं बताया?"

मी म्हणालो, "साहब, १८ मई से वही तो बता रहे हैं."

"वह? वह तो मैं समझा, फॉर इन्फर्मेशन है," तो म्हणाला. आणि पुढे जे बोलला ते ऐकून मी खुर्चीत बसलो. "इसमें हमारी परमिशन चाहिए ही नहीं. पावर ब्रांच की है. दोनों नाम की व्यक्ति एक ही है, ऐसा डिक्लेरेशन लीजिए और पेमेंट कर दीजिए."

म्हणजे तीन आठवडे आम्ही जो अधिकार अकोल्याकडे मागत होतो, तो आमच्याच ड्रॉवरमध्ये होता. चार परिच्छेदांच्या खाली दबलेला.

मावशींच्या पोराला फोन केला. १० तारखेला त्या आल्या, अंगठा उमटवला. साहेबांनी केबिनमधून बाहेर येऊन स्वतः कागद धरला. पैसे खात्यात गेले. पाऊस अजून यायचा होता. तेवढी एक त्या वरुणराजाने आमची लाज राखली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असे कृषी खाते दर वर्षी सांगते. किती सुरेख वाक्य आहे पाहा! कोणी, काय, केव्हा, सगळे त्यात आहे. सरकारी असूनसुद्धा!

पोळ्याच्या आसपास मावशी पुन्हा आल्या. काम काही नव्हते. पिशवीतून मुगाच्या शेंगा काढून माझ्या टेबलावर ओतल्या आणि म्हणाल्या, "बापू, त्या दिवशी तू मानसासारखं लिहलं म्हने." अकोल्याच्या कोणत्याही साहेबाने मला असा शेरा दिलेला नाही. हेडकॅशियरनी शेंगा झाकण नसल्यामुळे लगेच ओळखल्या.

तेव्हापासून मी सुधारलो, असे लिहून हा लेख संपवायला मला आवडले असते. सुधारलो थोडासा. विषयाच्या ओळीत आता ‘रिगार्डिंग’ लिहीत नाही. पाठवण्याआधी मनात मावशींचा प्रश्न विचारून पाहतो, याच्यात माणूस कुठी हाय? सापडला तर पाठवतो. नाही सापडला तर पुन्हा लिहितो. रोज जमते असे नाही. मार्चअखेरीला तर मुळीच नाही.

मागच्या महिन्यात वरून एक परिपत्रक आले. विषय, ‘सर्व शाखांनी ई-मेल स्पष्ट व सुलभ भाषेत लिहिण्याबाबत’. पाने ११. मी तीनदा वाचले. त्यात ‘उपरोल्लेखित’ सात वेळा आहे. नेमके काय करायचे, ते नवव्या पानावर असावे असा माझा अंदाज आहे. पण नववे पान जोडायचे राहून गेले आहे. साहेबांनी, हे आता दुसरे साहेब, बोट वर केले. म्हणाले, "याला एक व्यवस्थित उत्तर ठोका."

मी उत्तर लिहिले. ‘परिपत्रक मिळाले. समजले नाही. काय करायचे ते दोन ओळींत सांगावे. नववे पान पाठवावे.’ खाली नाव टाकले, मोबाइल नंबर टाकला. रुक्मिणीचे स्मरण केले. पाठवण्याच्या बटणावर बोट ठेवले आणि नेमके तेव्हाच मला घराच्या कर्जाचे सात वर्षांचे हप्ते आठवले.

शेवटी मी ड्राफ्टिंगवाला. ते उत्तर अजून ड्राफ्टमध्येच आहे.